मार्शा डीनची खुर्ची

सोमवार, २ मार्च १९९८

बँकेच्या काउंटरवरून हात हलवत परत आलेल्या माझ्या बायांनो, बाप्यांनो! गिरणीच्या फाटकावर उभी असते तर मी अशीच सुरुवात केली असती. हार्लन फॉल्सची टॉवेलची गिरणी बंद पडली आणि तिसऱ्या आठवड्यात बँकेने आपल्या सगळ्यांची कार्डं रद्द केली. वीस-वीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्यांची सुद्धा. कार्ड नाही म्हणून भाड्याची गाडी नाही, दवाखान्यात आधी रोख टाका, दुकानात उधारी बंद. काउंटरमागचा माणूस मला म्हणाला की बाई, तुमची पत संपली. माणूस संपला असं तोंडावर म्हणायची लाज वाटते, म्हणून हा शब्द काढलाय त्यांनी.

पण आता ते फाटक नाही आणि द्वारसभाही नाही. आहे ती ही वही आणि मी, आयडेला प्रुइट, वय त्रेपन्न, बावीस वर्षं साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आणि त्यातली अकरा वर्षं युनियनची वक्ता. आज मी खुशीत आहे, कारण मला नोकरी लागली. नॉर्थ कॅरोलायनातून सतरा तास बसने इथे फ्लोरिडात उतरले तर रस्त्याकडेला संत्री पडलेली, कोणी उचलतसुद्धा नाही. मी चार उचलली. ऑफिस एका दुकानांच्या रांगेत आहे, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला शोभेच्या माशांचं दुकान. आत वीस टेबलं, वीस फोन. मॅनेजरचं नाव लायल स्पिव्ही. त्याने माझी तीन वाक्यं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला की मिस आयडेला, या आवाजावर माणूस घराची किल्ली काढून देईल.

इथे कोणी स्वतःचं नाव सांगत नाही. नाव खुर्चीचं असतं. माझ्या टेबलावर पट्टी चिकटवली आहे: मार्शा डीन. टेबलाखाली आधीच्या बाईचे बूट राहिलेत, पांढरे, कॅनव्हासचे. उद्या कोणाला तरी देऊन टाकीन.

बुधवार, ४ मार्च

दोन दिवस शिकवणी झाली. बँकेने नाकारलेल्यांना फोन करायचा, अभिनंदन करायचं आणि सांगायचं की मागचं काहीही असो, तुम्हाला क्रेडिट कार्ड मंजूर झालंय. त्याआधी फक्त एकशे एकोणनव्वद डॉलर फी. मी विचारलं की आधी फी कशाला. लायल म्हणाला की पत नसलेल्या माणसाला बँक जामीन मागते, ही फी म्हणजे तो जामीन. मला पटलं. कोणी तरी आपल्या लोकांसाठी दार उघडलंय, एवढंच मी ऐकलं.

ग्राहकाची सही लागत नाही. तो टेपवर ‘हो’ म्हणाला आणि चेकच्या तळाशी छापलेले आकडे त्याने वाचून दाखवले की पुरे, बँक तेवढ्यावर पैसे देते. ते रेकॉर्डिंग ट्वायला करते. ती कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. साठीची आहे, सिगारेटने आवाज खरवडलेला.

लायलने नवीन लोकांना एक कागद दिला. तुमच्या ओळखीची, बँकेने हाकललेली वीस नावं लिहा. मी म्हटलं, वीसच का? माझ्या पिशवीत युनियनची यादी होती, मीच टाइप केलेली, तीनशे अकरा नावं, फोन नंबरांसकट. सरळ त्याच्या हातात दिली. त्याने सगळ्यांना डोनट मागवले आणि माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

यादीत वरून चौथी माझी नेल्डा आहे. नेल्डा क्राउझ. बावीस वर्षं तिचे साचे आणि माझे साचे शेजारी. साचाखात्यात कोणाचा आवाज कोणाला पोचत नाही, म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. चाळीस फुटांवरून भांडणंसुद्धा केली आहेत ओठांनी. गिरणीने तिचे कान नेले आणि कापसाच्या तुसाने फुप्फुसं नेली. आता ती खिडकीशी खुर्चीत बसते, नाकाला नळी, शेजारी विजेवरचं प्राणवायूचं यंत्र. फोनवर तिला ओठ दिसत नाहीत, म्हणून ती सगळ्याला हो म्हणते. न ऐकलेल्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं, असं आम्हा गिरणीच्या मुलींना घरोघरी शिकवलं होतं. एकदा चर्चमधून फोन आला, ही हो हो म्हणाली, आणि रविवारी दोनशे माणसांचं बटाट्याचं सॅलड तिच्या गळ्यात पडलं. मी हसले तर म्हणाली की डेल, तू फाटकावर बोलतेस तेही मला ऐकू येत नाही, मी फक्त तुझे ओठ बघून टाळ्या वाजवते.

तिला कार्ड मिळालं तर औषधांची काळजी मिटेल.

सोमवार, ९ मार्च

फी मिळाली की टेबलावरची घंटा वाजवायची. माझी घंटा सगळ्यात जास्त वाजते. शेजारचा वॉल्ट म्हणतो की मार्शाबाई, तुम्ही चर्च काढा, आम्ही थाळी फिरवू.

एक गोष्ट लिहून ठेवते. आज तीन फोनवर, पलीकडच्या माणसाच्या मागे, साचे चालू होते. लांबचे नाहीत. धडाड-खट, धडाड-खट, जसे शिफ्टच्या मध्यात चालतात तसे. पहिला फोन नेब्रास्कातल्या शेतघराचा होता. तिथे गिरणी कुठली?

ट्वायलाला विचारलं तर म्हणाली की कान तुझेच गेलेत बाई, गिरणीने खाल्लेत, आता दुसऱ्यांच्या फोनला कशाला नावं ठेवतेस. मग सिगारेट विझवत, माझ्याकडे न बघता म्हणाली की आधीच्या मार्शाला पाळणा ऐकू यायचा. ती कुठल्याशा पाळणाघरात कामाला होती. एके दुपारी जेवायला म्हणून उठली ती परत आली नाही. बूट मात्र ठेवून गेली.

बूट अजून टेबलाखालीच आहेत. द्यायचे राहिले.

गुरुवार, १२ मार्च

एका म्हाताऱ्याने परत फोन करून मार्शा डीनला मागितलं. त्याला कार्ड आलं नव्हतं. पाकीट आलं होतं, त्यात चार पानी पुस्तिका, आणि पुस्तिकेत बँकांचे पत्ते. तिथे अर्ज करा म्हणे. ज्यांनी हाकललं त्यांचेच पत्ते, पैसे घेऊन. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो विचारत होता की मिस डीन, माझं काही चुकलं का? मी काही वेगळं बोलायला हवं होतं का?

मी लायलच्या केबिनमध्ये गेले. फाटकावर मालकाशी बोलायचे त्या आवाजात बोलले. त्याने पाय टेबलावरून खालीसुद्धा घेतले नाहीत. म्हणाला की तुम्ही अकरा वर्षं लोकांना सांगितलंत की गिरणी चालू राहील, एकजूट ठेवा. राहिली का चालू? वर्गणी तर घेतलीत ना? मग आपल्या दोघांत फरक एवढाच की माझं भाषण तुमच्याहून आटोपशीर आहे.

मी यादी परत मागितली. तो हसला. यादीच्या वीस प्रती निघाल्या आहेत, प्रत्येक टेबलावर एक. सोमवारपासून हार्लन फॉल्सला फोन लावायला घेणार.

मजुरांच्या लढ्यांवरचं एक अख्खं कपाट मी गावच्या वाचनालयात बसून वाचून काढलंय. कोणत्या मालकाने कोणाला कसं विकलं, पानांसकट सांगेन. आणि माझी माणसं मी डोनटवर विकली.

शुक्रवार, १३ मार्च

हे नीट लिहायला हवं. क्रमाने.

नेल्डाला कळवायचं होतं. पत्र काल संध्याकाळीच टाकलं, पण ते सोमवारच्या आत पोचणार नाही. मोटेलच्या खोलीतून बाहेरगावी फोन लागत नाही. लाँड्रीतल्या नाण्यांच्या फोनवरून दोनदा केला. खरखर होती. दोन्ही वेळा ती म्हणाली की हो गं, रविवारी ये, आणि ठेवून दिला. तिच्या शेजारणीला फोन करून तिला पाठवता आलं असतं. तो नंबरही मला पाठ आहे. ते सुचलं नाही. मला वाटलं, माझा आवाज पुरेल.

टेबलावरच्या फोनची लाइन स्वच्छ असते. दुपारी लायल जेवायला गेला तेव्हा लावला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. नेल्डा, मी डेल. तुला फोन येईल. त्यांना हो म्हणू नकोस. ती म्हणाली हो. मी म्हटलं, ते तुझं चेकबुक मागतील, तळाचे आकडे विचारतील, ते सांगू नकोस. ती म्हणाली की चेकबुक का, थांब गं, आणते.

मी नको नको म्हणत राहिले. फोनमध्ये तिची पावलं ऐकू येत होती, आणि नळी जमिनीवरून घासत येण्याचा आवाज. ती धापा टाकत परत आली. म्हणाली की आणलं बघ, डेल, तळाचे ना? आणि वाचायला लागली. एकेक आकडा. मी ओरडले. ओरडल्यावर तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाली की हो, झालं का तुझं काम? जपून राहा गं.

मी फोन ठेवला आणि मान वर केली. काचेच्या खोलीत टेपची चाकं फिरत होती. कालच्या भांडणानंतर लायलने सांगून ठेवलं होतं की मार्शाच्या टेबलावरचा प्रत्येक फोन टेप कर. ट्वायलाने खांदे उडवले. मग उठून माझ्या टेबलाशी आली आणि माझी घंटा वाजवली. एकदाच.

मंगळवार, १७ मार्च

नेल्डाच्या पैशांची मागणी थांबव म्हणून ट्वायलाच्या पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं. ती म्हणाली की मागणी कालच बँकेत गेली, टेप हवी तर घे, नक्कल आहे. जाताना एवढंच म्हणाली की ऐकू नकोस बाई, स्वतःची टेप कोणी ऐकायची नसते.

लाँड्रीत बसून ऐकली. टेपवर माझं नको नको कुठेच नाही. एक बाई आहे, गोड, शांत. ती विचारते की मिसेस क्राउझ, आमच्या कार्डासाठी फी घ्यायला तुमची परवानगी आहे का. नेल्डा म्हणते हो. बाई म्हणते की कृपया चेकच्या तळाचे आकडे वाचा.

ती बाई मी आहे. आवाज माझा आहे, माझा श्वास, शब्दाच्या शेवटी माझं ते रेंगाळणं. मी ते वाक्य कधीच बोलले नाही. कापून जोडलं म्हणावं, तर जोडायला ते शब्द मी नेल्डाशी उच्चारलेच नाहीत.

मागे साचे चालू आहेत.

सोमवार, ३० मार्च

गावच्या पाद्र्यांचा मोटेलच्या काउंटरवर फोन आला. नेल्डाचा विजेचा चेक परत गेला, खात्यात पैसे उरले नव्हते. आधीचा महिना थकलेला, शेवटची नोटीस लागलेली, शुक्रवारी सकाळी वीज तोडली. यंत्र बंद पडलं. दुपारी शेजारीण डोकावली तेव्हा नेल्डा खिडकीशी खुर्चीतच संपलेली होती, मांडीवर फोन, रिसीव्हर कानाशी. कोणाला लावला होता माहीत नाही. पाद्री म्हणाले की आयडेला, तिच्या हातात तुझं पत्र होतं. उघडलेलं.

म्हणजे तिने वाचलं होतं.

शेरीफच्या ऑफिसात टेप घेऊन गेले. तिथल्या माणसाने ऐकली. म्हणाला की बाई, ही तर स्पष्ट हो म्हणते आहे. आणि विचारणारी कोण म्हणालात?

बुधवार, १ एप्रिल

ऑफिसात परत गेले. यादीची माझी प्रत टेबलावरच होती. ठरवलं की ज्यांच्यापर्यंत हे पोचले नाहीत त्या प्रत्येकाला फोन करायचा, हाकलेपर्यंत. कोणी हाकललं नाही. लायलने दारातून पाहिलं आणि अंगठा वर करून शाबासकी दिली.

पहिला नंबर एस्टेल यॉर्कचा. मनात वाक्य तयार होतं: एस्टेल, यांना काही देऊ नकोस. तोंड उघडलं.

अभिनंदन, मी मार्शा डीन बोलते आहे.

पुन्हा लावला, दुसऱ्याला. जीभ दातांत धरून ठेवली, मग सोडली. अभिनंदन. तिसऱ्याला. अभिनंदन. मला थांबता येत नव्हतं. पुढचं सगळं, फी, चेक, तळाचे आकडे, सगळं गोड, शांत.

आणि पलीकडून एस्टेल नाही, कोणीच नाही. प्रत्येक नंबरावर नेल्डा.

हो, म्हणते. हो गं. हो.

एकोणीस वेळा घंटा वाजली. मी हात लावला नव्हता.

गुरुवार, २ एप्रिल

दुपारचं लख्ख ऊन. काचेच्या खोलीत ट्वायला नव्हती, रजेवर आहे. पण कोणी तरी होतं. खुर्चीत. नाकाला नळी. काच जाड आहे, आवाज येत नाही. ओठ हलत होते, मोठे मोठे, साचाखात्यातल्यासारखे, चाळीस फुटांवरून वाचता यावेत असे.

मी वाचले. देवा, मला वाचता येतं.

डेल, आता मला सगळं ऐकू येतं.

तेच. पुन्हा तेच. मग —

बोल.

शुक्रवार, ३ एप्रिल

गेले नाही ऑफिसात. खोलीतच आहे. तरी घंटा ऐकू येते. प्रत्येक घंटेला यादीतलं एक नाव —

आरशासमोर बोलून पाहिलं. माझं नाव. आयडेला प्रु — ओठ तसेच हलले. आवाज निघाला तो मार्शा डीन.

अकरा वर्षं ज्याच्यावर माणसं विसंबली तो आवाज. माझा नाही आता. हात अजून माझा आहे. म्हणून लिहिते.

बूट. पलंगाखाली. पांढरे. मी आणले नाहीत —

शनिवार, ४ एप्रिल

माझे बूट कोणते, आधीच्या मार्शाचे कोणते, कळत नाही. अनवाणी बसले आहे.

फोन वाजतोय. या खोलीतल्या फोनवर बाहेरचा कॉल येत नाही, मोटेलच्या मॅनेजरने सांगितलंय. वाजतोय. बत्तीस. तेहेतीस.

उचलला.

साचे. सगळं खातं चालू, पूर्ण शिफ्ट. आणि त्यातून स्वच्छ, गोड —

ती विचारते आहे की मिस आयडेला प्रुइट बोलताय का.

माझ्या माणसांनो, यादीतले तीनशे अकरा, आणि यादीत नसलेले. बँकेने नाकारलेले, म्हणून कोणाचाही होकार गोड वाटणारे. हे भाषण नाही. आधी पैसे द्या, मग कार्ड, असं कोणीही म्हणालं, आवाज कितीही ओळखीचा असला, माझा असला तरी — माझा असला तर आधी — नाही म्हणत बसू नका, नाहीचं ते हो करतात. कारण विचारू नका. उद्धटपणा वाटला तर वाटू दे. फोन ठेवा.

डावा हात रिसीव्हर सोडत नाही.

खिडकीच्या काचेत ओठ. बोल, म्हणतात. बोल, डेल.

ती विचारते, परवानगी आहे का. माझे ओठ आपोआप —

तुम्ही ठेवा. काही न बोलता. ओठ उघडायच्या आधी फोन ठेवा. ओठ उघडायच्या आ